जोडा चावतो तेव्हां

गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरांत एक लहानसा कलह झाला. त्याचें मूळ एका बुटांत होतें, आणि त्या बुटाच्या बाबतींत अपराधी मीच होतों. ही कबुली आरंभींच दिलेली बरी. या सदरांतून मीं वाचकांना आहार, निद्रा, अध्ययन अशा नाना विषयांवर आजवर पुष्कळच उपदेश केला आहे; तेव्हां उपदेशकाचाच उपदेश अंगाशीं आला, तर तें झांकून ठेवणें शिक्षकी पेशाला शोभणारें नाहीं.

आमचे चिरंजीव जर्मनींत म्युनिक शहरीं नोकरीला आहेत. मार्गशीर्षांत आम्ही उभयतां तीन महिन्यांसाठीं त्यांच्याकडे गेलों होतों. नातू बारा वर्षांचा. तेथील शाळेंत सातव्या इयत्तेंत आहे. बव्हेरिया प्रांतांतील पुष्कळ शाळांतून अशी चाल आहे कीं, हिवाळ्यांत एक आठवडा मुलांचा सबंध वर्ग डोंगरांत न्यावयाचा आणि त्यांना बर्फावर स्की खेळावयास शिकवावयाचें. वर्गांतील बरींच मुलें तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून बर्फावर घसरत आलेलीं. आमचा नातू मात्र दोन वर्षांपूर्वीं पुण्याहून तिकडे गेलेला, त्यामुळें या विद्येंत अगदीं कोरा. चारचौघांत मुलाची फजिती होऊं नये म्हणून सूनबाईंनीं असा बेत केला कीं, शाळेच्या सहलीपूर्वींचे चार शनिवार त्याला डोंगरावर न्यावें, आणि एकट्यानें शिकतांना तो बुजूं नये म्हणून आपणहि त्याच्या जोडीनें शिकावें. चिरंजीवांचा गुडघा जुना दुखरा, म्हणून ते या उद्योगांतून सुटले. एकोणचाळिसाव्या वर्षीं मुलासाठीं ही विद्या शिकावयास निघालेल्या सुनेचें मला कौतुकच वाटलें, आणि त्या कौतुकाच्या भरांत मीहि त्यांच्याबरोबर जाऊं लागलों.

म्युनिकच्या दक्षिणेस सुमारें ९० किलोमीटरांवर गार्मिश-पार्टेनकिर्शेन नांवाचें गांव आहे. आगगाडीनें दीड तासाच्या आंत पोंचतां येतें. १९३६ चे हिवाळी ऑलिंपिक सामने येथेंच भरले होते, आणि जर्मनींतील सर्वांत उंच शिखर, २,९६२ मीटर उंचीचें त्सुगश्पिट्स, या गांवाच्या डोक्यावरच उभें आहे. ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों: दोन लांब, अरुंद फळ्या, प्रत्येकीवर एक पाऊल, पावलांतील बूट पुढून व मागून त्या फळीला खटक्यानें जखडलेला. उतारावरून खालीं येतांना गुडघा पुढें झुकवून आणि पाऊल एका कडेवर कलवून वळावयाचें व थांबावयाचें. हातांत काठ्या असतात, पण सारी मदार पावलावर. पावलाची आज्ञा फळीला कळावयाची ती बुटाच्या द्वारें. म्हणून हा बूट साधा नसतो. बाहेरून टणक प्लॅस्टिकचें कवच, तें अर्ध्या नडगीपर्यंत चढलेलें. त्याला बहुधा चार बकलें व वर एक रुंद पट्टा. आणि कवचाच्या आंत मऊ अस्तराचा दुसरा जोडा. तो घालून सपाट जमिनीवर चालणारा मनुष्य जुन्या काळच्या चिलखती शिपायासारखा दिसतो.

पहिल्या शनिवारीं पायथ्याच्या एका मोठ्या दुकानांत आम्ही बूट भाड्यानें घ्यावयास गेलों. गर्दी अतोनात. तेथील मुलानें सूनबाईंना रोजच्या जोड्याचा नंबर विचारला आणि एक बूट पुढें केला. त्यांनीं पाय घातला, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, बोटें पुढें टेकताहेत." येथें मीं तोंड घातलें. पस्तीस वर्षें मुलांच्या पालकांना जें सांगत आलों तेंच सांगितलें: "सूनबाई, जोडा नेहमीं एक-दोन नंबर मोठा घ्यावा. थंडीचा मुलूख, आंत दोन मोजे चढवतां येतील." मग मोठा बूट आला. जाड लोकरीचे दोन मोजे घालून त्या त्यांत उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगदीं घरांतल्या सपातांसारखा मऊ वाटतो," असें त्या म्हणाल्या. माझ्या अनुभवाचें चीज झालें असें मला वाटलें.

दुपारीं दोनच्या सुमारास दोघें खालीं आलीं, तेव्हां नातू आनंदांत होता आणि सूनबाई बाकावर बसून बकलें सोडीत होत्या. "दमल्यासारखें झालें," एवढेंच त्या बोलल्या. घरीं येईपर्यंत त्या लंगडत होत्या. मीं त्यांना धीर दिला. आपल्याकडे कोल्हापुरी वहाण नवी असतांना चावते. तिला तेल पाजून चार दिवस नेटानें वापरली कीं तीच पायाला अशी बसते कीं काढवत नाहीं, हा दृष्टांत मीं दिला. वर तितिक्षा या गुणावर दोन वाक्यें बोललों. तीं वाक्यें आतां आठवलीं कीं लाज वाटते.

दुसऱ्या शनिवारीं टांच बुटांत वर उचलली जाते असें त्यांच्या ध्यानांत आलें, म्हणून त्यांनीं पावलाच्या पाठीवरचें बकल दोन दांते अधिक ओढलें. तासाभरानें बोटांची जाणीव गेली. एका सौम्य उतारावर वळतांना पाऊल कोणत्या कडेवर आहे हेंच त्यांना कळेना; त्या आडव्या पडल्या आणि गुडघा मुरगळला. सुदैवानें सूज दोन दिवसांत उतरली. पण त्या रात्रीं कोमट पाण्यांत पाय सोडून बसलेल्या सूनबाईंचे अंगठे आमच्या सौभाग्यवतींनीं पाहिले. दोन्ही नखें काळीं-निळीं झालीं होतीं.

"आठ दिवस हें असें आहे, आणि तूं बोलली नाहींस?"

"बाबा इतक्या कौतुकानें सांगत होते, आई. मला वाटलें, माझाच पाय नाजूक."

आतां आपण कांहीं जाणार नाहीं, असें सूनबाईंनीं शांतपणें सांगून टाकलें. त्यावर नातवानें, आई येणार नसेल तर मी शाळेच्या सहलीलाहि जाणार नाहीं, असें जाहीर केलें, आणि चिरंजीव त्याच्यावर रागावले. मी मध्यें कांहीं बोलणार तोंच सौभाग्यवती माझ्याकडे वळल्या. "अहो, सोसायचें कसें तें आम्हां बायकांना शिकवूं नका. जोडा कसा घ्यायचा तें कुणाला तरी विचारून या." छत्तीस वर्षांच्या संसारांत त्या मला इतक्या स्पष्टपणें फारदां बोललेल्या नाहींत.

चौकशी केली. जर्मनींत दुखऱ्या व व्यंग असलेल्या पावलांसाठीं जोडे बनविणें हा स्वतंत्र व्यवसाय असून त्याचें रीतसर शिक्षण घ्यावें लागतें. त्यांतलेच कांहीं कारागीर स्कीचे बूटहि पायावर बेतून देतात. अशा एका कारागिराकडे तिसऱ्या शनिवारीं आम्ही डोंगर सोडून गेलों. मनुष्य माझ्याच वयाचा, अबोल. त्यानें जोड्याचा नंबर विचारलाच नाहीं. मोजे काढावयास सांगितलें, नखें पाहिलीं आणि म्हणाला, "बूट फार मोठा होता." सूनबाईंनीं त्याचें भाषांतर केलें तेव्हां मला वाटलें, त्यांचें ऐकण्यांत कांहीं चूक झाली असेल. नख काळें पडतें तें बूट लहान असल्यामुळें, हें पोरहि सांगेल. पण त्यानें जें दाखवून दिलें तें असें.

त्यानें सूनबाईंचें पाऊल आधीं बसलेलें असतांना व मग पूर्ण भार देऊन उभें असतांना मोजलें. बसतांना २३.७ सेंटीमीटर भरलें, उभें राहतांच २४.२. भार पडला कीं तळव्याची कमान थोडी सपाट होते आणि पाऊल लांब व रुंद होतें. स्कीच्या बुटांचा आकार याच सेंटीमीटरांत सांगतात. रोजच्या जोड्याच्या नंबराशीं त्याचा मेळ घालूंच नये. आम्हीं भाड्यानें घेतलेल्या बुटावर २६.५ हा आंकडा होता. त्यानें आपल्या दुकानांतला तेवढाच एक बूट काढला, त्याचें आंतलें अस्तर उपसून बाजूला ठेवलें आणि नुसत्या कवचांत सूनबाईंना पाय घालावयास सांगितलें. बोटें पुढें अलगद टेकविलीं, तर टांचेच्या मागें माझ्या हाताचीं तीन बोटें सहज जाऊन वर जागा उरली. ती दोन बोटें, म्हणजे दीड ते दोन सेंटीमीटर, असावी. शर्यतींत धांवणारे एकच ठेवतात.

मग एवढ्या जागेंत होतें काय? उतारावर पाऊल बुटांत पुढें सरकतें आणि अंगठा प्रत्येक धक्क्याला कवचावर आदळतो. शंभर-दोनशें वेळां आदळला कीं नखाखालीं रक्त सांकळतें. टांच धरलेली नसल्यामुळें ती उचलली जाते. ती उचलूं नये म्हणून बोटें आपोआप आंकडीसारखीं वळून तळाला धरूं पाहतात, आणि त्या श्रमानें तळव्याला पेटके येतात. शेवटीं मनुष्य कंटाळून पावलाच्या पाठीवरचें बकल आवळतो. नेमक्या त्याच जागेवरून, कातडीच्या अगदीं खालून, बोटांकडे रक्त नेणारी धमनी आणि बोटांची जाणीव आणणारे मज्जातंतु जातात. तेथें मांसाचें आच्छादन जवळजवळ नाहीं. आवळल्याबरोबर पाऊल बधिर आणि थंड पडतें. पाय थंड पडला म्हणून पुढच्या वेळीं मनुष्य आणखी जाड मोजा घालतो, आणि त्यानें दाब आणखी वाढतो. सूनबाईंच्या दोन शनिवारांचा सगळा वृत्तांत या कारागिरानें त्यांच्या तोंडून एक अक्षरहि न ऐकतां सांगितला. मी एका कोपऱ्यांत स्टुलावर बसून ऐकत होतों.

संस्कृतांत जोड्याला अनेक नांवें आहेत, त्यांतील दोन मला त्या स्टुलावर आठवलीं. एक पादत्राण, म्हणजे पावलाचें रक्षण करणारें. दुसरें उपानह्, यांत नह् म्हणजे बांधणें हा धातु आहे, आणि आपली वहाण ही त्याच शब्दाची पणती. मीं जन्मभर जोड्याकडे पादत्राण म्हणून पाहिलें. पादत्राण ऐसपैस असलेलें चालतें. स्कीचा बूट हा उपानह् आहे. त्यानें पाऊल बांधलें नाहीं तर तो रक्षणहि करीत नाहीं.

माझा कोल्हापुरी वहाणेचा दृष्टांतहि येथें लंगडा पडला. चामडें सैल होतें, पायाचा आकार घेतें, हें खरें. आणि एके काळीं स्कीचे बूटहि चामड्याचेच, नाडीनें बांधावयाचे असत. ते पायाला बसत, परंतु भिजत, लवत आणि उतारावर दगा देत. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बॉब लँग या गृहस्थानें प्लॅस्टिकचा बूट प्रचारांत आणला, आणि पुढील कांहीं वर्षांत चामड्याचा बूट उतारावरून जवळजवळ नाहींसा झाला. प्लॅस्टिकचें कवच चार दिवसांनीं नव्हे, चार वर्षांनींहि पायासाठीं तसूभर सरकत नाहीं. दबतें तें आंतलें अस्तर. म्हणून दुकानांत जो बूट सपातांसारखा मऊ वाटतो तो आठ-दहा दिवसांच्या वापरानंतर ढिला होतो, आणि पहिल्या दिवशीं जो सर्व बाजूंनीं घट्ट वाटतो तो पुढें नेमका बसतो. मात्र कवच जेथें हाडाला टोंचतें तेथें तें टोंचतच राहतें. ती जागा सोसून बरी होत नाहीं, ती कारागिराकडूनच हलवून घ्यावी लागते.

त्यानें सूनबाईंना २४.५ आकाराचा बूट दिला. (२४ आणि २४.५ यांचें कवच बहुधा एकच असतें, फरक आंतल्या भागांत असतो, हीहि तेथेंच मिळालेली माहिती.) पुन्हां तीच तक्रार: "बोटें टेकताहेत." कारागीर म्हणाला, "टेकलींच पाहिजेत. आतां गुडघे वांकवा." गुडघे पुढें झुकतांच टांच मागें सरून खांचेंत बसली आणि बोटें मोकळीं झालीं. पहिल्या दुकानांत सूनबाई ताठ उभ्या राहिल्या होत्या, आणि मीहि त्यांना गुडघे वांकवावयास सांगितलें नव्हतें. सगळा घोटाळा येथें झाला होता.

लांबीनंतर रुंदी. चवड्याच्या ठिकाणीं आंतली रुंदी मिलिमीटरांत सांगतात. ९८ च्या आसपास अरुंद, १०० मध्यम, १०२ व त्यावर रुंद. हा आंकडा बहुधा २६.५ आकाराच्या बुटाचा असतो, लहान बुटांत रुंदी त्या मानानें कमी होते. आपल्याकडे लहानपणीं अनवाणी वा चपलेंत वाढलेलीं पावलें चवड्याशीं पसरट असतात, असा माझा अनुभव आहे. सूनबाईंचेंहि तसेंच निघालें. लांबी कमी केली आणि रुंदी वाढविली, तेव्हां बूट लागला. रुंद पायाचे लोक अरुंद बुटांत मावत नाहींत म्हणून लांब बूट घेतात, आणि तेथून दुःखाला प्रारंभ होतो.

तिसरी गोष्ट ताठरपणाची. बूट पुढें झुकावयास किती जोर लागतो हें दाखविणारा एक आंकडा प्रत्येक बुटावर असतो, ६० पासून १३० पर्यंत. मोठा आंकडा म्हणजे ताठर बूट. पण हें परिमाण सर्व कारखान्यांचें एक नाहीं. एकाचे ९० दुसऱ्याच्या ९० शीं जुळत नाहींत. नवशिक्याला ताठर बूट दिला कीं त्याला पुढें झुकतांच येत नाहीं. तो मागें रेलतो, पोटऱ्या भरून येतात आणि नडगीवर घाव बसल्यासारखें दुखतें. बायकांच्या पोटरीचा गोळा बहुधा खालपर्यंत येतो, म्हणून त्यांच्या बुटांचा गळा आंखूड व रुंद करतात.

याच संदर्भांत एक गंमत झाली. घोटा किती वांकतो हें पाहण्यासाठीं कारागिरानें सूनबाईंना टांचा जमिनीला टेकवून उकिडवें बसावयास सांगितलें. दिवसभर खुर्चीवर बसून काम करणाऱ्या सूनबाई मागें कलंडल्या. हें पाहून आमच्या सौभाग्यवती, वय वर्षें एकसष्ट, पदर खोंचून तेथेंच उकिडव्या बसल्या आणि त्याच स्थितींत त्यांनीं सूनबाईंचे मोजे गोळा केले. कारागीर प्रथमच हंसला. ज्याचा घोटा नीट वांकत नाहीं त्याच्या टांचेखालीं लहानशी चकती घालून उंची द्यावी लागते, नाहींतर तो भार चवड्याऐवजीं टांचेवर घेतो. सूनबाईंना ती घातली.

मग सुखतळा. विकतच्या बुटांतला सुखतळा नुसता पुठ्ठ्यासारखा असतो. कारागिरानें पावलाचा ठसा घेऊन नवा केला, कमानीला आधार राहील असा. कमान खचली नाहीं कीं पाऊल लांबत नाहीं, आणि लांबलें नाहीं कीं बोटें कमी आदळतात. आंतलें अस्तर गरम करून पायावरच बसविलें. शेवटीं सूनबाई बकलें लावून अर्धा तास दुकानांत उभ्या. याच वेळीं दाब कोणता आणि दुखणें कोणतें हें ओळखावयाचें असतें. कोणी हात घट्ट धरावा तसा सगळीकडून सारखा दाब असेल तर तो बुटाचा गुण. एकाच बिंदूवर टोंचत असेल किंवा मुंग्या येत असतील तर तो दोष. आंतल्या घोट्याच्या खालीं, पुढच्या बाजूला एक हाड टोंचत होतें. त्यानें तेथें खूण केली, कवच ऊन केलें आणि यंत्रानें तेवढीच जागा बाहेर फुगविली. "आतां?" त्यानें विचारलें. सूनबाईंनीं संवयीनें माझ्याकडे पाहिलें. मी खिडकीबाहेर पाहूं लागलों. "अजून थोडें," त्या म्हणाल्या. पुन्हां कवच ऊन झालें.

हा सगळा खर्च भाड्याच्या बुटांहून कितीतरी पट होता, हें लपवीत नाहीं. वर्षाकांठीं दोन दिवस खेळणाराला तो परवडणार नाहीं, आणि त्याची त्याला गरजहि नाहीं. काश्मिरांत गुलमर्गला आतां पाळणा सुमारें ४,००० मीटरांपर्यंत चढतो. उत्तराखंडांत जोशीमठाच्या वर औली आहे, मनालीजवळ सोलंग आहे. पुण्या-मुंबईकडील बरीच मंडळी हल्लीं मुलेंबाळें घेऊन तिकडे जातात आणि बूट तेथेंच भाड्यानें घेतात. त्यांच्यासाठीं त्या कारागिराच्या बोलण्यांतलें आणि आमच्या फजितींतलें जेवढें उपयोगी तेवढें सांगतों.

घरून निघण्यापूर्वींच पाऊल मोजावें. भिंतीला टांच लावून कागदावर उभें राहावें, भार दोन्ही पायांवर असावा, आणि सर्वांत लांब बोटापुढें खूण करावी. तें बोट अंगठाच असेल असें नाहीं. संध्याकाळीं मोजावें, कारण दिवसभरांत पाऊल थोडें सुजतें. दोन्ही पावलें मोजावीं. दुकानदाराला जोड्याचा नंबर न सांगतां हे सेंटीमीटर सांगावे. भाड्याचे बूट शेंकडों पायांनीं दाबून सैल केलेले असतात, म्हणून दोन आकारांत मन घुटमळलें तर लहान आधीं घालून पाहावा. अस्तर निघत असेल तर काढून टांचेमागचीं दोन बोटें मोजावीं. गर्दींत दुकानदार कुरकुरेल, कुरकुरूं द्यावा.

मोजा एकच, पातळ, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत ओढलेला, सुरकुती नसलेला. थंडीसाठींचा आंतला पायजमा बुटांत खोंचूं नये. त्याची एक घडी नडगीवर दिवसभर आरी चालविल्यासारखी चालते. सकाळीं बूट थंड असला कीं प्लॅस्टिक ताठरतें व पाय आंत जात नाहीं, म्हणून रात्रीं तो खोलींत ठेवावा, मोटारीच्या मागच्या पेटींत नव्हे. घालतांना टांच जमिनीवर दोन-तीनदां आपटून मागें बसवावी, मग वरचीं बकलें लावून गुडघा झुकवावा, आणि त्यानंतर खालचीं. बोटांवरचें बकल नुसतें मिटलें तरी पुरे. खुर्चीच्या पाळण्यांत बसतांना बकलें सैल करावीं, रक्त फिरूं द्यावें, उतरण्यापूर्वीं पुन्हां लावावीं. रात्रीं अस्तर वाळवावें, पण शेगडीजवळ नव्हे. नखें प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधीं सरळ कापावीं.

बोटें पांढरीं पडलीं आणि चोळूनहि जाणीव येईना अशी वेळ येऊं देऊं नये. बधिरपणा वाटतांच खेळ थांबवून उबेच्या जागीं जावें, बूट काढावा. बर्फानें बोटें चोळावीं ही जुनी समजूत घातक आहे. मधुमेह असलेल्या गृहस्थांनीं व स्त्रियांनीं विशेष जपावें, कारण त्यांच्या पावलांची जाणीव आधींच मंद असूं शकते. त्यांनीं दर दोन तासांनीं बूट काढून पाऊल डोळ्यांनीं पाहावें आणि जाण्यापूर्वीं डॉक्टरांना विचारावें.

मुलांविषयीं. मूल वाढतें म्हणून दोन नंबर मोठा बूट घेण्याचा मोह आपल्या घरोघरीं आहे, आणि तो मोह पसरविण्यांत माझा वांटा मोठा आहे. शाळेंत कवायतीच्या जोड्यांसाठीं मीं हेंच सांगत असें. कित्येक मुलें कापसाचे बोळे पुढें कोंबून परेड करीत, आणि त्यांच्या पायांतून जोडे निघाले कीं आम्ही हंसत असूं. स्कीच्या बुटांत मुलासाठीं सेंटीमीटरभर वाढीची जागा पुष्कळ झाली. तिकडे मुलांचे बूट सबंध हंगामासाठीं भाड्यानें मिळतात आणि पाय वाढला तर बदलून देतात. नातवाचे तसेच घेतले होते, आणि ते त्याच्या मापाचे होते, कारण त्या दिवशीं गर्दींत मला त्याच्याकडे पाहावयास सवड झाली नव्हती.

चौथ्या शनिवारीं सूनबाई नवे बूट घालून गेल्या. मी पायथ्याच्या उपाहारगृहांत कांचेजवळ बसून होतों. अकराच्या सुमारास दोघें एकदां माझ्यासमोरून गेलीं. सूनबाई पुढें होत्या, वळणें रुंद व सावकाश होतीं. थांबल्या त्या न पडतां थांबल्या. मला हात करून पुन्हां पाळण्याकडे वळल्या. दुपारीं आल्या तेव्हां बूट न काढतांच त्यांनीं आधीं सूप मागविलें, यावरून मी काय तें समजलों. पुढच्या महिन्यांत नातू वर्गाबरोबर गेला. तेथें त्याला तिसऱ्या तुकडींत घातलें होतें, पहिल्या तुकडींत नव्हे; पण खालच्या चौथींतहि नव्हे, असें त्यानें दूरध्वनीवर दोनदां सांगितलें.

फाल्गुनांत आम्ही परत आलों. सूनबाईंचीं दोन्ही नखें वैशाखांत गळून पडलीं. अंगठ्याचें नख पूर्ण यावयास वर्षाहून अधिक काळ लागतो. परवां त्यांचें पत्र आलें, त्यांत लिहिलें आहे कीं, उजवें अर्ध्यावर आलें आहे, डावें जरा मागें आहे. पत्रासोबत एक मोठा कागद घडी करून घातला आहे, त्यावर नातवाच्या दोन्ही पावलांची पेन्सिलीनें काढलेली आकृति आहे आणि खालीं त्याच्या अक्षरांत लिहिलें आहे, "आजोबा, बरोबर मोजलें का सांगा." मीं पट्टी लावून पाहिली. डावें पाऊल २४.३ आहे, उजवें २४.६. त्यानें दोन्हींखालीं २४.५ लिहिलें आहे. तसें त्याला कळविलें.